साखर सुटली तरी दात झिजत राहिले: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण २९ वर्षांच्या. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. काम फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं, तेही रात्रपाळीत. म्हणजे आठ-आठ तास कानाला हेडफोन आणि तोंड सतत चालू.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चार दाढांना कीड लागली होती. तेव्हा कामावर साखरेचं कोला रोजचं होतं. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, त्यामुळे कीड लागली यात नवल नव्हतं. दाढांत सिमेंट भरून झाल्यावर त्यांना साखर बंद करायला सांगण्यात आलं आणि त्यांनी ते खरोखर मनावर घेतलं. इतक्या निष्ठेनं सांगितलेलं पाळणारे रुग्ण फार थोडे भेटतात. साखरेच्या कोलाची जागा बिनसाखरेच्या कोलानं घेतली आणि जोडीला लिंबू पिळलेल्या पाण्याची लिटरभर बाटली आली. पुढच्या तीन वर्षांत एकही नवा दात किडला नाही. त्यामुळे आपण दातांची नीट काळजी घेतोय याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती, आणि तपासणीला जाणंही मागे पडलं.

तक्रार आणि तपासणी

त्या आल्या त्या वरच्या समोरच्या दाताचा टवका उडाला म्हणून. काही कडक चावलं नव्हतं, कुठे मार लागला नव्हता. जेवताना जिभेला एकदम धार लागली, इतकंच. बोलता बोलता आणखी दोन-तीन गोष्टी निघाल्या. थंड पाणी लागत होतं. रात्रपाळी संपवून घरी पोचेपर्यंत सगळे दात आंबल्यासारखे होत. आरशात समोरच्या दातांच्या कडा निळसर, आरपार दिसू लागल्या होत्या.

दात कोरडे करून नीट उजेडात पाहिले. वरच्या समोरच्या चार दातांचा ओठांकडचा भाग गुळगुळीत आणि सपाट झाला होता. निरोगी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, बारीक आडव्या रेषा असतात, त्या पार पुसल्या गेल्या होत्या. हिरडीलगत मात्र इनॅमलची अरुंद पट्टी शाबूत होती. खालच्या पहिल्या दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडले होते आणि तळाशी पिवळसर डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, दिसत होतं. सगळ्यात बोलकी खूण होती जुन्या भरावांची. तीन वर्षांपूर्वी दाढेच्या पातळीत घासून बसवलेलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, आता आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेलं होतं. बोट फिरवलं तरी कड जाणवायची. भराव जागेवरच होता, भोवतालचा दात खाली गेला होता.

झिजेची नोंद ठेवण्यासाठी बीईडब्ल्यूई ही पद्धत वापरली. २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे. तोंडाचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागातल्या सर्वांत झिजलेल्या पृष्ठभागाला ० ते ३ गुण द्यायचे. यांचे गुण वर १, ३, १ आणि खाली २, १, २, म्हणजे एकूण १० आले. ९ ते १३ म्हणजे मध्यम धोका. एक्स-रेमध्ये नवी कीड कुठेच नव्हती.

“डॉक्टर, साखर तर मी केव्हाच सोडली,” असं त्या दोनदा म्हणाल्या. त्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून आधी हे समजावून सांगणं भाग होतं.

कीड वेगळी, आम्लाची झीज वेगळी

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. खनिज आम्लात विरघळतं आणि आम्ल दातापर्यंत पोचायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट साखरेची. दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या थराखालचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) काही मिनिटांत खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. तो ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. याची परिणती म्हणजे कीड. ती लागते जिथे थर साचतो तिथे: दाढांच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत.

दुसऱ्या वाटेवर जिवाणू लागतच नाहीत. आम्ल पेयातूनच येतं आणि थेट दातावर पडतं. कोलाचा पीएच २.५ च्या जवळपास असतो आणि साखर काढली तरी तो ३ च्या आसपासच राहतो, कारण त्यातलं फॉस्फोरिक आम्ल तसंच राहतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ असतो, पाण्यात मिसळला तरी तो ३ च्या आसपास राहू शकतो. पीएच एका अंकानं उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे ५.५ आणि २.५ यांच्यात हजारपटीचा फरक आहे. शिवाय लिंबातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःकडे बांधून घेतं, त्यामुळे इजा वाढते. अशी झीज चिकट थर नसलेल्या स्वच्छ, उघड्या पृष्ठभागांवर जास्त होते. या बाई दात अगदी घासूनपुसून स्वच्छ ठेवत होत्या.

पीएच हे एकच माप पुरेसं नाही, हेही त्यांना सांगितलं. दह्याचा पीएच ४ च्या आसपास असतो, तरी दह्यानं दात झिजत नाहीत, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. उलट संत्र्याचा रस कोलाहून कमी आम्लधर्मी असूनही त्याची आम्लता लाळेला लवकर मोडून काढता येत नाही.

कारणाचा शोध

पहिला प्रश्न पित्ताचा होता. जठरातलं आम्ल वर येत असेल तर वरच्या समोरच्या दातांची टाळूकडची बाजू आधी झिजते. इथे ती बाजू जवळपास शाबूत होती आणि नुकसान ओठांकडे होतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं, वारंवार उलट्या, यांतलं काहीही नव्हतं. काहीच त्रास न जाणवता आम्ल वर येणारेही लोक असतात, त्यामुळे ही शक्यता खोडली नाही. पुढच्या तपासण्यांत टाळूकडची बाजू बदलली तरच पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं असं ठरवलं. झिजेची जागा इतकी स्पष्ट बोलत असताना लगेच दुर्बिणीच्या तपासणीला धाडणं मला योग्य वाटलं नाही.

मग चार दिवसांची नोंदवही दिली, त्यात एक दिवस सुट्टीचा. काय आणि किती प्यायलं याबरोबर घोट कधी सुरू झाला आणि बाटली कधी संपली हेही लिहायला सांगितलं. सगळं चित्र त्या रकान्यातून उभं राहिलं. कामाच्या रात्री ५०० मिलीची कोलाची बाटली रात्रपाळी सुरू झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरायची. सुट्टीनंतर लिंबूपाण्याची बाटली उघडायची ती पहाटेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी यांतलं जवळपास काही नव्हतं. एवढंच कोला कुणी जेवणाबरोबर दहा मिनिटांत संपवलं तर दातांना जे सोसावं लागतं, त्याच्या कितीतरी पट यांच्या दातांना सोसावं लागत होतं, कारण एक घोट लाळ धुऊन नेते न नेते तोच दुसरा यायचा.

नोंदवहीत न मावणारी एक गोष्ट वेगळ्या प्रकारे कळली. समोर पाण्याचा पेला ठेवला आणि कॉल चालू असताना कसं पिता ते दाखवा म्हटलं. त्यांनी घोट घेतला आणि तो गालात तसाच धरून ठेवला. समोरचा माणूस बोलत असतो तेव्हा त्या ऐकत असतात, घोट तोंडात असतो. त्याचं बोलणं संपलं की गिळायचा आणि उत्तर द्यायचं. दर कॉलला हेच. सवय इतकी मुरलेली होती की नुसतं विचारून ती त्यांना सांगताच आली नसती. पेय तोंडात खेळवलं किंवा धरून ठेवलं की झीज वाढते, आणि समोरचे दात का इतके झिजले याचं उत्तर तिथे मिळालं.

तिसरा धागा लाळेचा. कुठली औषधं चालू आहेत का, याला आधी ‘नाही’ असं उत्तर आलं होतं. खोदून विचारल्यावर अ‍ॅलर्जीची रोजची गोळी निघाली. ती त्या औषधात धरतच नव्हत्या. अँटिहिस्टामाइन गोळ्यांनी तोंड कोरडं पडू शकतं. पाच मिनिटं लाळ मोजपात्रात जमवली तर ०.९ मिली भरली, म्हणजे मिनिटाला ०.१८. काही न चघळता मिनिटाला साधारण ०.३ मिली लाळ अपेक्षित असते. ०.१ च्या खाली गेली तर ती फारच कमी समजतात. आम्ल धुणं, त्याला निष्प्रभ करणं आणि मऊ पडलेल्या इनॅमलला पुन्हा खनिज पुरवणं ही तिन्ही कामं लाळेची. तोंड कोरडं म्हणून घोट, घोट आंबट म्हणून झीज, असं हे चक्र होतं.

शेवटचं म्हणजे घरी पोचल्या पोचल्या त्या कडक ब्रशनं, दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्टनं दात घासून झोपत. आम्लानं मऊ झालेला वरचा थर घासण्यानं सहज निघून जातो.

समोरचे पर्याय

रुग्णाला हवं होतं ते असं की समोरचे सगळे दात एकदमच नीट करून टाकावेत. मागणी स्वाभाविक होती. पण व्हिनिअर (दाताच्या समोरच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅप बसवायची तर आधीच पातळ झालेला दात आणखी घासावा लागतो. २९ व्या वर्षी असं काम केलं की पुढे आयुष्यभर दर काही वर्षांनी ते बदलत राहणं आलं. आणि कारण चालू असताना केलेलं कोणतंही काम कडांपाशी उघडं पडतं. त्याचा पुरावा त्यांच्याच दाढांमध्ये होता.

दुसरं टोक म्हणजे काहीच न भरता फक्त सवय बदलायची आणि लक्ष ठेवायचं. झीज इतकी पुढे गेली नसती तर मी हेच निवडलं असतं. इथे उडालेली कड ओठाला लागत होती आणि दाढांतलं डेंटिन उघडं होतं. डेंटिन इनॅमलपेक्षा मऊ असतं आणि कमी आम्लतेतही विरघळतं.

म्हणून मधला मार्ग धरला. उडालेला कोपरा लगेच कॉम्पोझिटनं नीट करायचा, उघड्या डेंटिनवर पातळ संरक्षक लेप द्यायचा, बाकी सगळा जोर कारणावर. समोरच्या इतर दातांचा विचार सवय स्थिरावल्यावर करायचा.

काय केलं

त्याच दिवशी तोंडाचा स्कॅन आणि फोटो घेतले. पुढे तुलना कशाशी करायची, हा प्रश्न नंतर पडून उपयोग नसतो. कोपरा बांधला, लेप दिला, २२,६०० पीपीएम फ्लोराइड असलेलं वार्निश लावलं. घरी मऊ ब्रश आणि स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट. आम्लाविरुद्ध स्टॅनस फ्लोराइड साध्या फ्लोराइडपेक्षा जास्त टिकाव धरतं. गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि ती स्वतःहून बंद करू नका असं बजावलं.

पेयांचा बेत आखणं सगळ्यात अवघड होतं. “फक्त पाणी प्या” हे सांगायला सोपं. पण रात्री तीन वाजता त्यांना जागं ठेवणारं काहीतरी हवं होतं, आणि कोलातून त्यांना कॅफीन मिळत होतं. ते नाकारून केलेला बेत आठवडाभरही टिकला नसता. बिनसाखरेची दुधाची कॉफी चालेल का, विचारलं. चालेल म्हणाल्या. कोला पूर्ण बंद करायचं नव्हतंच: प्यायचं तर जेवणाच्या सुट्टीत, थंडगार, एका बैठकीत, स्ट्रॉ दातांच्या मागे धरून, तोंडात न घोळवता. टेबलावरच्या बाटलीत मात्र साधं पाणी. लिंबूपाणी बंद.

दात कधी घासायचे, यावर थोडं अडलं. आंबट पिण्यानंतर अर्धा ते एक तास थांबून घासा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा फायदा मर्यादित आहे असं मानणारे तज्ज्ञही आहेत. आणि रात्रभर जागून घरी आलेली व्यक्ती तासभर ब्रशची वाट पाहत बसेल ही अपेक्षाच चुकीची. ती न घासताच झोपेल. म्हणून घासण्याची वेळ न बदलता पेयांचा क्रम बदलला. जेवणाच्या सुट्टीनंतर पाळी संपेपर्यंत आंबट काहीच नाही, मग घरी पोचल्यावर खुशाल घासा.

सहा आठवड्यांनी

थंड लागणं कमी झालं होतं, पण दात आंबणं थांबलं नव्हतं. बाटलीत पाणीच होतं, कोला सुट्टीतच होतं, सगळं बेताप्रमाणे. मग त्यांनी पर्समधून घसा कोरडा पडू नये म्हणून चघळायच्या गोळ्यांची डबी काढली. वेष्टनावर ठळक अक्षरात ‘साखरविरहित’. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत सायट्रिक आम्ल. प्रत्येक गोळी तोंडात दहा-पंधरा मिनिटं राहायची.

हे बेत मोडणं नव्हतं. घोट कमी केला तर घसा कोरडा पडणारच, आणि त्याला त्यांनी शोधलेलं उत्तर प्रामाणिक होतं. ‘साखर नाही’ एवढंच पाहायला त्या शिकल्या होत्या. गोळ्यांऐवजी दोन कॉलच्या मध्ये पाण्याचा घोट, आणि सुट्टीत आंबट चव नसलेलं बिनसाखरेचं च्युइंगम, असं ठरलं. चघळल्यानं लाळ वाढते. तेव्हापासून घटकांच्या यादीत आम्ल शोधायचं, हे आमचं ठरून गेलं.

दरम्यान त्यांच्या डॉक्टरांनी गोळीऐवजी नाकात मारायचा स्प्रे दिला.

परिणाम

तीन महिन्यांनी दात आंबणं थांबलं. लाळ मिनिटाला ०.२६ मिली भरली. दुसऱ्यांदा वार्निश लावलं. सहा महिन्यांनी नवा स्कॅन जुन्यावर ठेवून पाहिला तेव्हा समोरच्या दातांत मोजण्याजोगा फरक नव्हता. तेव्हा कुठे वरच्या चारही दातांवर, दात घासून कमी न करता, कॉम्पोझिट चढवलं.

वर्षानं एक वेगळीच तक्रार आली. दाढा पिवळट, डागाळलेल्या दिसतात, ती पांढरी करणारी पेस्ट पुन्हा वापरू का? मला त्या डागांचा आनंद झाला आणि तो त्यांना समजावून सांगितला. झीज चालू असते तेव्हा वरचा थर सतत उतरत असतो, त्यामुळे त्यावर कॉफीचे डाग टिकत नाहीत. डाग धरतात म्हणजे पृष्ठभाग स्थिर झाला. खरखरीत पेस्टनं ते घासून काढले असते तर एक चांगली खूणही गेली असती आणि थोडा दातही. पेस्ट आणली नाही.

जे गेलं ते परत आलेलं नाही. बीईडब्ल्यूईचे गुण कमी होत नाहीत, वाढले नाहीत इतकंच. वर्षभरात दोनदा, सणासुदीच्या गर्दीत कॉल वाढले तेव्हा, कोला पुन्हा टेबलावर आलं होतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा तीन वर्षांपूर्वीची. साखर बंद करा हा सल्ला बरोबर होता आणि त्यानं कीड थांबली. पण काही बंद करायला सांगितलं की त्याच्या जागी काय येणार, हे त्याच बैठकीत विचारायला हवं. उत्तर बहुधा ‘बिनसाखरेचं तेच’ असं असतं. त्यावर आणखी दोन वाक्यं बोलली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. त्या वेळचे फोटो असते तर झिजेचा वेग कळला असता. तो माहीत नसल्यामुळे पहिले सहा महिने आम्हाला अंदाजानं काढावे लागले.

दुसरी जागा सहा आठवड्यांची. सवय बदलायला सांगितल्यावर तिची पोकळी कशानं भरते ते पहिल्या पंधरवड्यातच दिसू लागतं. तेव्हा एक फोन केला तर चघळायच्या गोळ्यांसारखी गोष्ट महिनाभर आधी सापडू शकते. अशा रुग्णांना आता दोन आठवड्यांनी फोन होतो, आणि त्यात प्रश्न एकच: तोंडात नवीन काय जातंय?

पित्ताच्या तपासणीबाबत मतभेद होऊ शकतात. सुरुवातीलाच तपासणी करून घ्यावी असं एखाद्या सहकाऱ्याला वाटलं तर ते चूक म्हणता येणार नाही. टाळूकडची बाजू वर्षभर बदलली नाही, म्हणून इथे थांबणं निभावलं.

खालच्या डाव्या दाढेच्या खळग्याचा निर्णय बाकी आहे. तिथला लेप निघून गेला आहे, पण दाढ दुखत नाही आणि थंडही लागत नाही. पुढच्या स्कॅनमध्ये खळगा खोल झालेला दिसला तर भरायचा, नाहीतर तसाच ठेवायचा, असं त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे.